न्यूट्रोफिलचे पटल चढवलेले नॅनोकण संधिवातात नेमके काय करतात?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे: एम. फार्म. करताना तुमच्या वाचनात आले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीचे पटल (बाहेरचे आवरण) चढवलेल्या नॅनोकणांनी उंदरांमधला ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटण्याचा आजार, आटोक्यात आला. पोटात औषध नसलेला कण प्रतिकारयंत्रणेला शांत कसा करू शकतो, हे तुम्हाला उमगलेले नाही. तुमच्या आत्याला हाच आजार असल्यामुळे हा उपचार माणसांना केव्हा मिळेल, आणि प्रबंधासाठी हा विषय घ्यावा की नाही, हेही तुम्ही विचारले आहे. औषधवाहक कण बनवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, तेव्हा पहिल्या प्रश्नाला जास्त जागा देतो. बाकीच्या दोहोंची उत्तरे त्यातूनच निघतील.

या कणांचा जन्म प्रतिकारयंत्रणेवर नियंत्रण ठेवण्यासाठी झालेला नव्हता. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील लियांगफांग झांग यांच्या गटाने पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) सुमारे ७० नॅनोमीटरचा गाभा घेतला आणि त्यावर उंदराच्या तांबड्या रक्तपेशींचे पटल चढवून सुमारे ८० नॅनोमीटरचा कण तयार केला. त्यांना हवा होता तो फक्त रक्तात जास्त काळ टिकणारा वाहक. त्यापूर्वी या कामासाठी कणांवर पीईजी या बहुवारिकाचे केस लावले जात, परंतु त्याच्याविरुद्ध काही माणसांच्या रक्तात अँटीबॉडी तयार होतात आणि दुसऱ्या मात्रेच्या वेळी कण झपाट्याने काढून टाकले जातात, ही अडचण तोपर्यंत पुढे आलेली होती. उंदरांच्या रक्तातला अर्धायुकाल (निम्मे कण नाहीसे होण्यास लागणारा वेळ) पीईजीच्या कणांसाठी १५.८ तास आला आणि पटलवाल्या कणांसाठी ३९.६ तास आला. तांबड्या पेशीवर सीडी-४७ नावाचे प्रथिन असते. यकृतातील आणि प्लीहेतील भक्षक पेशींना ते ‘मी घरचा आहे, मला गिळू नका’ असा निरोप देते. हा निरोप कणावर जसाच्या तसा उतरला होता.

त्या काळात आम्ही सगळेच ‘वेषांतर’ हा शब्द वापरत होतो, आणि मला वाटते की त्या शब्दाने आमची थोडी दिशाभूल केली. बहुरूप्याने फौजदाराचे सोंग घेतले तरी त्याला कोणाला अटक करता येत नाही. इथे मात्र सोंगाबरोबर अधिकारही येतो, कारण पटलावरची ग्राही प्रथिने (रिसेप्टर) पेशीपासून वेगळी झाल्यावरही आपापल्या जोडीदार रेणूला पकडतच राहतात. पेशी मेलेली असते, तिच्या आत संदेश पोहोचवणारी यंत्रणा उरलेली नसते, परंतु पकड शाबूत असते. तुम्हाला कोडे वाटलेल्या गोष्टीचे उत्तर यातच आहे: या कणांमध्ये पटल हेच औषध असते आणि गाभा त्या औषधाला आकार व आधार देतो. गाभा नसलेल्या रिकाम्या पिशव्या चेपतात, एकमेकींत मिसळतात किंवा जवळच्या पेशीत विलीन होऊन पकडलेला माल तिथेच सोडू शकतात, म्हणून गाभा लागतो.

२०१३ साली त्याच गटाने हे स्पष्ट करून दाखवले. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे अल्फा विष तांबड्या पेशींना भोके पाडते. उंदरांना या विषाची प्राणघातक मात्रा देण्यापूर्वी तांबड्या पेशींच्या पटलाचे कण दिले तेव्हा ८९ टक्के उंदीर वाचले, आणि विषानंतर दिले तेव्हा ४४ टक्के वाचले. विष पेशीऐवजी कणाला भोक पाडायला गेले आणि तिथेच अडकले. या कणांना ‘नॅनोस्पंज’ हे नाव पडले ते यावरूनच. पुढे २०१४ साली याच युक्तीचा रोख प्रतिकारयंत्रणेकडे वळला. स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊन रक्तक्षय होण्याचा एक आजार असतो. त्याच्या उंदरांमधील प्रतिरूपात (मॉडेलमध्ये) या कणांनी त्या अँटीबॉडी स्वतःवर ओढून घेतल्या. प्लेटलेटविरुद्धच्या अँटीबॉडीसाठी प्लेटलेटच्या पटलाचे कण २०१६ साली वापरले गेले. स्टेरॉइड किंवा तत्सम औषध सगळ्या प्रतिकारयंत्रणेचा आवाज खाली आणते. हे कण यंत्रणेला हातही लावत नाहीत. तिने सोडलेला बाण वाटेत झेलतात.

आता न्यूट्रोफिलकडे येऊ. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात, आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सुजलेल्या सांध्याच्या द्रवात त्यांची अक्षरशः जत्रा भरते. सांध्यातून टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा यांसारखी सायटोकाइन (पेशींमधले निरोप वाहणारी प्रथिने) सुटतात, न्यूट्रोफिल त्या हाकेला ओ देतात, आत शिरून स्वतःची विकरे (एन्झाइम) आणि आणखी सायटोकाइन ओततात, आणि त्यामुळे पुढची तुकडी बोलावली जाते. हे चक्र कूर्चेचा नाश होईपर्यंत थांबत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पीएलजीएच्या गाभ्यावर न्यूट्रोफिलचे पटल चढवले गेले. त्या कणांनी दोन गोष्टी केल्या. सायटोकाइनांना पकडून त्यांनी खऱ्या न्यूट्रोफिलपर्यंत जाणारी हाक दाबली; आणि सुजलेल्या ऊतींना चिकटण्यासाठी न्यूट्रोफिलपाशी जी प्रथिने असतात ती अंगावर असल्यामुळे, तसेच आकार लहान असल्यामुळे, ते कूर्चेच्या आत खोलवर शिरले. कोलॅजन टोचून संधिवात घडवलेल्या उंदरांमध्ये आणि मानवी जनुक घातलेल्या दुसऱ्या एका प्रतिरूपात सांध्याची हानी कमी झाली. तुम्ही वाचले ते हेच असावे.

बाण वाटेत झेलण्याची कल्पना औषधशास्त्राला नवी आहे असे मात्र समजू नका. तुमच्या आत्याच्या तज्ज्ञांनी एटानरसेप्टचे नाव कधी तरी घेतले असेल. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध म्हणजे टीएनएफच्या ग्राहीचा तुकडा अँटीबॉडीच्या शेपटीला जोडून तयार केलेला विरघळणारा सापळाच आहे. त्याच्या तुलनेत पटलाच्या कणाची जमेची बाजू अशी सांगितली जाते की त्यावर एक नव्हे तर अनेक प्रकारचे ग्राही असतात, त्यामुळे आजारात कोणता रेणू मुख्य आहे हे आधी ठाऊक नसले तरी चालते. शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत हे वाक्य हमखास भेटते. ते वाचताना मला दरवेळी २००४ सालची एक चाचणी आठवते. संधिवाताच्या रुग्णांना एटानरसेप्ट आणि इंटरल्युकिन-१ अडवणारे अॅनाकिन्रा ही दोन औषधे एकत्र दिली गेली, दोन्ही वाटा बंद केल्या म्हणजे दुप्पट गुण येईल या आशेने. गुण वाढला नाही, गंभीर संसर्ग मात्र वाढले. तेव्हा एकाच वेळी अनेक सायटोकाइन शोषून घेणे हा आपोआप गुण ठरत नाही. कणाने काय काय शोषले, किती शोषले आणि त्यातले काय शरीराला हवे होते, हा हिशेब प्रत्येक पटलासाठी स्वतंत्रपणे मांडावा लागतो. आपल्याकडे तर तो टाळताच येणार नाही. टीएनएफ दाबल्यावर शरीरात दबून राहिलेला क्षयरोग डोके वर काढतो हे २००१ पासून ठाऊक आहे, आणि म्हणूनच अशी औषधे सुरू करण्यापूर्वी आपले तज्ज्ञ क्षयाची तपासणी केल्याशिवाय पुढे जात नाहीत. टीएनएफ शोषणारा कण निसर्गाच्या पटलाचा आहे म्हणून त्याला यातून सूट मिळणार नाही.

सेप्सिसबद्दलही, म्हणजे संसर्गामुळे सगळ्या शरीरात उसळणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेबद्दलही, असेच सावध राहावे लागते. २०१७ साली मॅक्रोफेज या भक्षक पेशीच्या पटलाचे कण प्रसिद्ध झाले. ते जिवाणूचे अंतर्विष (त्याच्या बाह्यपटलातले विषारी द्रव्य) आणि सायटोकाइन दोन्ही धरतात, आणि ई. कोलाय रक्तात सोडलेल्या उंदरांचे जगण्याचे प्रमाण त्यांनी वाढवले. काम सुंदर आहे. पण सेप्सिस हे चांगल्या कल्पनांचे जुने स्मशान आहे: अंतर्विषाविरुद्धची सेंटॉक्सिन ही अँटीबॉडी १९९३ साली मागे घ्यावी लागली, आणि अंतर्विषाच्या ग्राहीलाच अडवणारे एरिटोरान २०१३ साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी करू शकले नाही. उंदराला जिवाणू टोचल्याची वेळ आपल्याला मिनिटापर्यंत माहीत असते. अतिदक्षता विभागात आलेल्या माणसाच्या शरीरातले सायटोकाइनांचे वादळ केव्हा सुरू झाले हे कोणीच सांगू शकत नाही. वरच्या ८९ आणि ४४ या आकड्यांमधले अंतर पुन्हा एकदा पाहा. स्पंज केव्हा पोहोचला यावर बरेच काही अवलंबून असते.

‘नियमन’ या शब्दाची दुसरी बाजू चेतवण्याची आहे, तीही थोडक्यात सांगतो, कारण प्रबंधाच्या प्रस्तावनेत विद्यार्थी या दोन्हींची सरमिसळ करतात. कणाने पकडलेले विष हानी करू शकत नाही, पण त्याचा मूळ आकार शाबूत राहतो. म्हणून तोच कण लस म्हणून देता येतो, आणि उष्णतेने मोडलेल्या विषापेक्षा त्याने चांगले संरक्षण मिळते, हेही २०१३ मध्येच उंदरांत दाखवले गेले. कर्करोगाच्या पेशीचे पटल घेतले की तिची सगळी प्रतिजने (प्रतिकारयंत्रणा ओळखते ते रेणू) एकत्र मिळतात, आणि त्यासोबत चेतक द्रव्य दिले की प्रतिकारयंत्रणा त्या पेशींवर तुटून पडायला शिकते. पटलाच्या कणांनी माणसांत मिळवलेले खरे यशही या चेतवणाऱ्या बाजूचेच आहे: मेंदूज्वराच्या ब गटातील मेनिंगोकोकसविरुद्धची बेक्सेरो ही लस, जिला युरोपात २०१३ साली मान्यता मिळाली, तिचा एक घटक म्हणजे त्या जिवाणूच्या बाह्यपटलापासून मिळवलेल्या नॅनोमीटर आकाराच्या पिशव्या आहेत. म्हणजे पटलापासून बनलेले कण कारखान्यात सातत्याने तयार होऊ शकतात का, ही शंका फिटलेली आहे. मात्र ते जिवाणूचे पटल आहे. जिवाणू पिंपात हवे तितके वाढवता येतात.

न्यूट्रोफिलचे गाडे इथेच अडते, आणि माझ्या मते हा विषय समजून घ्यायचा तर प्रयोगशाळेतल्या या कटकटींतूनच घ्यावा. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया नसतात. पातळ केलेल्या क्षारद्रावणात टाकली की ती फुगून फुटते, हिमोग्लोबिन निघून जाते आणि सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी फिकट गुलाबी पटल उरते, ज्याला आम्ही ‘घोस्ट’ म्हणतो. ते ४०० आणि मग १०० नॅनोमीटरच्या छिद्रांच्या चाळणीतून दाबून काढायचे, पुढे गाभ्यासोबत पुन्हा दाबायचे, की पटल गाभ्यावर बसते. एका तांबड्या पेशीचे पृष्ठफळ सुमारे १४० वर्ग मायक्रोमीटर असते आणि ८० नॅनोमीटरच्या कणाचे सुमारे ०.०२, म्हणजे कागदावर तरी एका पेशीतून सात हजार कण निघायला हवेत. प्रत्यक्षात धुण्यात आणि चाळण्यात त्यातले बरेच वाया जाते.

न्यूट्रोफिल मात्र रक्तातून बाहेर काढल्यावर काही तासांतच मरू लागते, गोठवून ठेवता येत नाही, प्रयोगशाळेत तिची पैदास होत नाही, आणि नळी जोरात हलवली तरी ती चेतते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या टी पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढून, बदलून, वाढवून परत दिल्या जातात. टी पेशी वाढतात म्हणून ते शक्य झाले. न्यूट्रोफिलसाठी ही वाट बंद आहे, म्हणून काही जण एचएल-६० या रक्ताच्या कर्करोगातून मिळालेल्या पेशींना न्यूट्रोफिलसारखे रूप देऊन त्यांचे पटल वापरतात, आणि मग त्या पेशींचा डीएनए तयार मालात किती उरला हा प्रश्न उभा राहतो.

डीएनएचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तसा नाही. केंद्रक असलेली पेशी फोडताना जरा जास्त जोर लागला की केंद्रकही फुटते आणि नळीत शेंबडासारखा चिकट गोळा तयार होतो. ज्याने एकदा तो पाहिला तो आयुष्यभर विसरत नाही. त्याहून वाईट ते, जे डोळ्यांना दिसत नाही. मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे पटलासोबत आले तर त्यांचा डीएनए आणि फॉर्मिल पेप्टाइड हे प्रतिकारयंत्रणेला जिवाणूंसारखे भासतात, कारण मायटोकॉन्ड्रिया हे मुळात जिवाणूंचेच वंशज आहेत. शांत करण्यासाठी बनवलेला कण मग चेतवू लागतो. न्यूट्रोफिलच्या कणिकांमधले इलॅस्टेजसारखे विकर सुटले तर ते आपल्याला हव्या असलेल्या ग्राहींनाच कुरतडते, त्यामुळे विकररोधके पहिल्या मिनिटापासून घालावी लागतात.

पटलाची बाजूही पाहावी लागते. बाहेरच्या बाजूला सिआलिक आम्लाचा ऋणभार दाट असतो. गाभाही ऋणभारित ठेवला की ती बाजू गाभ्यापासून दूर सरकते आणि पटल बहुतांशी सुलटे बसते. उलटे बसले तर ग्राही आत जातात आणि एरवी आतल्या बाजूला राहणारे फॉस्फटिडिलसेरीन बाहेर येते, जे भक्षक पेशींना ‘ही पेशी मेलेली आहे, उचला’ असे सांगते. शिवाय पटल पूर्ण बसते का हाही प्रश्न आहे. २०२१ साली फिनलंडमधील एका गटाने चमक विझवण्याच्या पद्धतीने (फ्लुओरेसन्स क्वेंचिंगने) मोजून दाखवले की ज्यांना आपण पटलाने झाकलेले म्हणतो त्यांतले ९० टक्क्यांपर्यंत कण अर्धवटच झाकलेले असू शकतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा एक देखणा कण निबंधात छापला जातो. बाकीच्यांचे काय झाले हे तो छायाचित्र काढणाराच जाणे. हा निबंध वाचल्यावर आम्हीही आमच्या जुन्या वह्या जरा खजील होऊन चाळल्या होत्या.

पेशी दुसऱ्या माणसाची असेल तर रक्तगटाची आणि एचएलए प्रथिनांची (पेशी आपली की परकी हे सांगणाऱ्या खुणांची) अडचण येते. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांमध्ये परक्या एचएलएविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात हे रक्तपेढीत रोज दिसते. संधिवातासारख्या वर्षानुवर्षांच्या आजारात पुन्हा पुन्हा द्यायच्या कणांना तो धोका राहणारच. तांबड्या पेशींसाठी ओ गटाचे रक्त घेऊन ही अडचण बरीच कमी होते, पांढऱ्या पेशींसाठी तितका सोपा उपाय नाही.

त्यामुळे आत्यांच्या बाबतीत माझे उत्तर सरळ आहे. न्यूट्रोफिलच्या पटलाचे कण संधिवातावर औषध म्हणून कुठेही उपलब्ध नाहीत, आणि कोणी पैसे घेऊन ते देऊ पाहत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यांचे चालू उपचार या बातमीच्या भरवशावर एक आठवडाही थांबवू नयेत. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे योग्य मात्रेत, तपासण्यांसह घेतली तर सांधे वाचवण्यात आजही त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी पुरेसा गुण येत नसेल तर जैविक औषधांबद्दल त्यांच्या तज्ज्ञांशी बोलावे.

प्रबंधासाठी विषय घ्या, पण न्यूट्रोफिलपासून सुरुवात करू नका. वर्षभरात हाती काही लागायचे असेल तर तांबड्या पेशीच घ्या. मानवी रक्त वापरणार असाल तर नैतिक समितीची परवानगी आधी काढा, कारण त्यात दोन-तीन महिने सहज जातात. पहिला प्रयोग म्हणून मधमाशीच्या विषातले मेलिटिन कणांसोबत अर्धा तास ठेवा, त्यात ताज्या तांबड्या पेशी घाला आणि किती हिमोग्लोबिन सुटले ते ५४० नॅनोमीटरवर मोजा. सोबत चार तुलना हव्यातच: नुसते मेलिटिन, पटलाशिवायचा गाभा, गाभ्याशिवायचे पटल आणि पीईजीचे लायपोसोम (मेदाच्या पोकळ पिशव्या). एक लक्षात ठेवा, मेलिटिनला पटलातले मेद पकडतात, प्रथिने नव्हेत; या प्रयोगात यश आले तर पटल बसले एवढेच कळते, ग्राही काम करतात की नाही हे कळत नाही.

ते कळण्यासाठी पुढे कधी न्यूट्रोफिलसारख्या पेशींकडे वळलात तर टीएनएफ-अल्फा कणांसोबत ठेवून, कण सेंट्रिफ्यूजने खाली बसवून, वरच्या द्रवात उरलेले टीएनएफ एलायझाने (अँटीबॉडीवर आधारित मोजणीने) मोजा. हाच प्रयोग नुसत्या क्षारद्रावणात आणि मग निम्म्या सीरममध्ये असा दोनदा करा, कारण सीरममधली प्रथिने कणावर बसून ग्राही झाकतात आणि पहिल्या प्रयोगातला देखणा आकडा दुसऱ्यात बराच खाली येऊ शकतो. आणि कणांमध्ये जिवाणूंचे अंतर्विष आहे का हे तपासताना, पटलावरची प्रथिने अंतर्विष धरून ठेवत असतील तर नेहमीची चाचणी ते कमी दाखवेल. म्हणून एका नमुन्यात ठाऊक असलेले अंतर्विष मुद्दाम मिसळून ते पूर्ण परत मिळते का, हे आधी पाहून घ्या.